स्पूल यंत्राची सुधारणा : दुरुस्ती आधी, हौस नंतर

अनेक घरांच्या माळ्यावर जुना स्पूल टेपरेकॉर्डर आणि फितींचे डबे अजूनही पडून असतात. कोणाच्या फितीत आजोबांचा आवाज असतो, कोणाच्या फितीत एखादी खासगी मैफल. अशी यंत्रे मिळवून, त्यांत फेरबदल करून घरी उत्तम संगीत ऐकण्याचा छंद अलीकडे पुन्हा वाढीस लागला आहे. या छंदावर होणारा खर्च लहान नसतो. म्हणून त्याकडे थोडे हिशेबी नजरेने पाहिलेले बरे.

वाचकांना महसुली आणि भांडवली खर्चातील भेद सांगावयास नको. वस्तू मूळ अवस्थेत राखण्यासाठी होतो तो महसुली खर्च. तिची क्षमता वाढविण्यासाठी होतो तो भांडवली. स्पूल यंत्राच्या बाबतीत पहिला खर्च टाळून दुसरा करणारे बहुधा तोट्यात जातात.

विली श्टुडर यांच्या स्विस कारखान्याने १९६७ साली आणलेले ‘रेव्हॉक्स ए-७७’ हे यंत्र उदाहरणादाखल घेऊ. यात तीन मोटरी आणि तीन हेड आहेत : पुसण्याचे, मुद्रणाचे आणि ऐकण्याचे. बरीचशी मंडले सुट्या कार्डांवर असल्याने त्यांची दुरुस्ती सुकर होते. मात्र अर्धशतकानंतर कपॅसिटर निकामी होतात. घरगुती विजेचा पूर्ण दाब सोसणारे काही तर तडकून धूर सोडतात. छोटे प्रीसेट गंजून आवाज खरखरतो. फितीच्या घर्षणाने हेड झिजते आणि तारस्वर मंदावतात. हे सारे जाणकार कारागिराकडून बदलून वा दुरुस्त करून घ्यावे. त्यानंतर ज्ञात कंप्रतेच्या प्रमाण फितीवरून हेडची फट फितीच्या गतीशी अचूक काटकोनात आणावी. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज असा उजळतो की, पुढील खर्चाची निकड उरत नाही.

याउपर हौस असल्यास खरा लाभ देणारी सुधारणा म्हणजे हेडचा संकेत यंत्रातील जुन्या मंडलातून न नेता थेट बाहेरच्या स्वतंत्र प्रवर्धकाला देणे. हा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून जोडणारी तार आच्छादित आणि शक्य तितकी आखूड हवी. लांब तारेची धारिता तारस्वरांचा तोल बिघडविते. शिवाय मुद्रणाची मापने दोन आहेत. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगासाठी अमेरिकी एनएबी मापनात वरच्या पट्टीचा कालांक ५० मायक्रोसेकंद, तर युरोपीय आयईसी मापनात ७० मायक्रोसेकंद असतो. ज्या मापनाने मुद्रण झाले त्याच मापनाने ऐकले नाही, तर स्वरांचा तोल ढळतो. दोन्ही मापनांची सोय असलेला प्रवर्धक घ्यावा.

कर्जाचे प्रकरण तपासताना बँक परतफेडीचा मार्ग आधी पाहते. येथेही तोच नियम लावावा : केलेला बदल पूर्ववत करता आला पाहिजे. पत्रा कापू नये, भोके पाडू नयेत. काढलेली कार्डे नावानिशी जपून ठेवावीत आणि तारांची जोडणी बदलण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. मूळ सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत; कापलेल्या यंत्राला पुढे योग्य गिऱ्हाईक मिळणे कठीण.

आता सर्वांत महत्त्वाची नोंद. यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी घरातील एकुलती एक फीत कधीही लावू नये. १९७० ते ८० च्या दशकांतील काही फितींचा लेप दमट हवेत ओल शोषून चिकट होतो. अशी फीत चालवताच कर्कश चीत्कार होतो आणि लेप हेडवर उतरतो. तज्ज्ञ मंडळी ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर कित्येक तास नियंत्रितपणे तापवून तात्पुरती वाजण्याजोगी करतात. हा उपाय सर्व फितींना चालत नाही. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती बहुधा जुनी ॲसिटेट फीत समजावी. तिला तापवणे घातक ठरते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम फितींची यादी आणि तपासणी, मग यंत्राची दुरुस्ती व जुळवणी, त्यानंतर अनमोल फितींची संगणकीय प्रत, आणि काही शिल्लक उरल्यास सुधारणा. यंत्र दुसरे मिळेल. आजोबांच्या आवाजाची ती फीत मात्र एकच आहे.