सत्तर किलोंचा आदर

अमेरिकी हवाई दलातले स्टाफ सार्जंट टिमथी डेव्हिस २० फेब्रुवारी २००९ रोजी अफगाणिस्तानात मारले गेले. त्यांचं वाहन पेरलेल्या स्फोटकाच्या तडाख्यात सापडलं. वय २८, मागे पत्नी आणि वर्षाचा मुलगा. ‘क्रॉसफिट’ हा व्यायामप्रकार करणारे त्यांच्या स्मरणार्थ जो वर्कआउट करतात त्याचं नाव ‘डीटी’. १२ डेडलिफ्ट (बार जमिनीवरून मांडीपर्यंत), ९ हँग पॉवर क्लीन (मांडीपासून खांद्यावर) आणि ६ पुश जर्क (खांद्यावरून डोक्यावर) अशा पाच फेऱ्या, घड्याळ लावून, एकाच बारवर. पुरुषांसाठी ठरलेलं वजन १५५ पौंड, म्हणजे ७० किलो. स्त्रियांसाठी १०५ पौंड. शहिदांच्या नावाच्या वर्कआउटमध्ये वजन उतरवणं म्हणजे त्यांच्या बलिदानाला सवलत मागणं, असा एक समज जिममध्ये घट्ट बसला आहे. भावना खरी आहे. पण तिच्यामागचा हिशेब चुकलेला आहे.

आधी हा वर्कआउट बनलाय कसा ते पाहू. एकूण १३५ रेप्स. ७० किलोने गुणले तर ९,४५० किलो. डेडलिफ्टला हे वजन फारसं अवघड नाही, पण त्याच बारने शेवटी जर्क मारायचा असतो आणि खरी परीक्षा तिथे होते. ज्याचा एका वेळचा सर्वांत जड जर्क ८० किलोचा आहे, त्याच्यासाठी ७० म्हणजे ८७ टक्के. इतक्या वजनाने ताज्या अंगानेही पाच-सहा रेप्सच निघतात. इथे २१ रेप्सनंतर सहा काढायच्या, आणि तेही पाच वेळा. अशा माणसाचा ‘डीटी’ दुसऱ्या फेरीतच मोडतो. पुढे एकेक रेप, मध्ये कमरेवर हात ठेवून उभं राहणं, आणि बहुतेक वेळ विश्रांतीत. क्रॉसफिटचे संस्थापक ग्रेग ग्लासमन यांची तीव्रतेची व्याख्या साधी होती: बल गुणिले अंतर, भागिले वेळ. ती इथे लावून पाहा. ७० किलोने २५ मिनिटं लागली, तर मिनिटाला ३७८ किलो उचलले गेले. ५० किलोने तेच काम १२ मिनिटांत झालं, तर मिनिटाला ५६२. बार उचलायची उंची दोन्हीकडे तीच. दम कोणाचा जास्त निघाला, हे सांगायला नको. म्हणून वजन आपल्या सर्वांत जड क्लीन अँड जर्कच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास राहावं. पहिली फेरी बार न ठेवता निघते आणि पाचवीत रडकुंडीला आलात तरी थांबे मोजकेच पडतात, ते वजन तुमचं.

वजन ठरलं तरी वेगाचा प्रश्न उरतोच, कारण ‘डीटी’मध्ये छातीचा भाता फुलण्याआधी बहुतेकांची पकड सुटते. मूठ आवळलेली असते तोवर कोपराखालच्या स्नायूंत रक्त नीट खेळत नाही. बार खाली ठेवला की हात सावरू लागतो. म्हणून पकड सुटेपर्यंत ताणण्यापेक्षा आधीच ठरवून ठेवणं फायद्याचं. जाणकारांची युक्ती अशी: ११ डेडलिफ्ट करून बार ठेवायचा. श्वास घेऊन तो पुन्हा उचलला की तीच बारावी डेडलिफ्ट, आणि तिथूनच क्लीन सुरू. बारा पुऱ्या करून ठेवला असता, तर क्लीनसाठी तो पुन्हा मांडीपर्यंत फुकट उचलावा लागला असता. आठ क्लीननंतर परत ठेवायचा; या वेळी मात्र एक उचल फुकट जाते, पण नववी क्लीन खांद्यावर आली की तिथूनच सहा जर्क. फेरीत थांबे दोनच, आणि दोन्ही आपण निवडलेले. पहिल्या फेरीत हे थांबे उगाच वाटतात. वाटू द्यावेत.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सैनिकाला ओझं कमी करायची मुभा नव्हती. मग ती आपण का घ्यावी? एक तर जिममधला घाम आणि युद्धातला मृत्यू एका तराजूत घालणं हेच थोडं उद्धटपणाचं आहे. शिवाय सैन्याची स्वतःची शिकवण या आक्षेपाच्या बाजूने नाही. अशाच अतितीव्र व्यायामप्रकारांबद्दल अमेरिकी सैन्यदलांच्या आरोग्य-संशोधन केंद्राने आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने २०११ मध्ये संयुक्त निवेदन प्रसिद्ध केलं. भार हळूहळू वाढवावा, ज्याच्या त्याच्या कुवतीनुसार ठेवावा, असा त्याचा रोख आहे. त्यामागे दुखापतींची चिंता होती, आणि ऱ्हॅब्डोमायोलिसिसचीही. त्यात स्नायू तुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ठरलेलं वजन हीच वर्कआउटची ओळख, ते बदललं तर उरलं काय? पण ते बदललेलं आहे, आणि तेही क्रॉसफिटच्याच सर्वांत मोठ्या स्पर्धेत. २०१५ च्या क्रॉसफिट गेम्समध्ये पुरुषांचं वजन २०५ पौंड केलं होतं. २०१६ मध्ये वजन मूळचं १५५ पौंडच ठेवून फेऱ्या दहा केल्या. बलवानांसाठी गणित वर सरकवणं हा गौरव, तर नवख्यासाठी ते खाली आणणं हा अवमान कसा? वर्कआउटची ओळख किलोंत नाही, त्याच्या घडणीत आहे: एकच बार, तीन हालचाली, आणि बार हातातून सोडू नये अशी सततची ओढ. बार ३० किलोचा असला तरी ही ओढ तितकीच जाणवते. ८० किलोच्या जर्कवाल्याच्या हातात ७० किलो दिले की ती पहिली हरवते.

फळ्यावर वेळेसमोर ‘आरएक्स’, म्हणजे ठरलेल्या वजनानेच केलं, असं लिहिता यावं, हा मोह या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे, आणि त्याचा डेव्हिस यांच्याशी काही संबंध नाही. पुढच्या वेळी प्लेट उतरवताना संकोच वाटला, तर फळ्यावर वर्कआउटच्या दोन अक्षरांऐवजी पूर्ण नाव लिहा: स्टाफ सार्जंट टिमथी डेव्हिस. मग बारवर तुम्हाला पेलेल तेवढं वजन चढवा.