विजेचा तबला आणि डोंगरचा ढोल

शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांतून लग्नसराईंत ज्यांचा प्रवास झाला असेल, त्यांस हळदीच्या रात्रीं दुरून ऐकूं येणारा वाद्यांचा गजर परिचयाचा असेल. ढोलकी घुमते, संबळ बोलतो, हलगी कडाडते. पण मांडवांत जाऊन पाहावें तों पुष्कळदां ह्यांतील एकही वाद्य तेथें नसतें. एक तरुण आठ रबरी चौकोन बसविलेल्या पेटीपुढें उभा राहून दोन काठ्यांनीं हे सर्व आवाज काढीत असतो. ही पेटी म्हणजे ऑक्टापॅड. जपानांतील रोलंड कंपनीनें ती १९८५ सालीं प्रथम बाजारांत आणिली. रबराखालीं आघात ओळखणारी चकती असते. काठी किती जोरानें पडली तें ती विजेच्या भाषेंत सांगते आणि यंत्रांत आधींच साठविलेला आवाज तितक्याच लहान-मोठ्या प्रमाणांत बाहेर पडतो.

ह्या तरुणास नांवें ठेवण्याची घाई वाचकांनीं करूं नये. पांच वाजविणारांचें काम तो एकटा करतो हें खरें, आणि उरलेल्या चौघांची बिदागी बुडते हेंही खरें. पण त्याच्या हातांतील ठेका बहुधा त्याच्या वडील माणसांकडूनच आलेला असतो. आमची तक्रार निराळी आहे. यंत्रांतील ढोलाचा आवाज कोण्या दूरच्या शहरांत, कोण्या अनामिकाच्या हातून मुद्रित झालेला असतो. मुरबाडच्या मांडवांत घुमणारा ढोल मुरबाडचा नसतो!

वीज आणि चामडें ह्यांचा संयोग केवळ नकलेपुरताच असतो, असें मात्र नाहीं. कर्श काळे ह्यांची ‘रियलाइझ’ ही २००१ सालची ध्वनिमुद्रिका आमच्या वाचकांपैकीं तरुण मंडळींनीं ऐकिली असेल; वडिलांनींही एकवार ऐकावी. मूळ नांव उत्कर्ष; जन्म १९७४ चा, इंग्लंडांतील; बालपण अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत गेलें. हे स्वतः तबला वाजवितात, पाश्चात्त्य ढोलसंचही वाजवितात, आणि तबल्याचा बोल विद्युद्यंत्रांतून नेऊन त्यास नवें रूप देतात. त्याच्या आदल्याच वर्षीं, २००० सालीं, ‘ताल मॅट्रिक्स’ हा संग्रह निघाला होता. त्यांत काळ्यांबरोबर उस्ताद झाकिर हुसेन होते, तलविन सिंग होते, आणि ठुमरीगायिका शोभा गुर्टू ह्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टूही होते. पहिल्या ऐकण्यांत हा सर्व प्रकार कर्णकटू वाटण्याचा संभव आहे. आमच्या घरांतील एका वृद्ध गृहस्थांनीं तर ‘गिरणी चालूं झाली’ असा अभिप्राय दिला. पण दुसऱ्या वेळीं यंत्राच्या एकसुरी ठोक्यावर हाताचा बोल किंचित् पुढेंमागें झुलतो, तें कानांस कळूं लागतें. खरी गंमत तेथें आहे. यंत्र तोच ठोका हजार वेळां तंतोतंत देतें. माणूस तो दोनदांही तसाच देत नाहीं.

मग तबल्याचें जें झालें तें डोंगरच्या ढोलाचें कां होऊं नये? ह्याचें एक कारण भौतिकशास्त्रांत आहे. नुसतें ताणलेलें गोल चामडें वाजविलें असतां मूळ कंपनाच्या वरचें पहिलें कंपन सुमारें १.५९ पट निघतें; पूर्णांकांत बसत नाहीं, म्हणून स्वर ठाम लागत नाहीं. तबल्याच्या शाईचें वजन हा हिशेब बदलतें आणि वरचीं कंपनें दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणांत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह १९२० सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत हें प्रसिद्ध केलें. तबला सुरांत मिळतो म्हणून सतारीशीं जसा, तसा यंत्राशींही त्याचा सहज संसार होतो. शाई नसलेला ढोल सुरांत बसत नाहीं. तो सुराखालीं जमीन घालतो. आमच्या मतें नव्या प्रयोगकर्त्यांस हा दोष वाटण्याचें कारण नाहीं. यंत्रसंगीतांत अशा बेसूर घुमाऱ्यालाच तर मोठें स्थान आहे.

दुसरें कारण अधिक नाजूक आहे. माहुलीपासून नाणेघाटापर्यंतच्या वाड्यापाड्यांतून ठाकर समाजाची वस्ती आहे. लक्ष्मण नारायण चापेकरांनीं त्या समाजावर १९६० सालीं सबंध इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांच्या नाचांतील ढोल उद्यां कोणी येऊन फोनवर मुद्रित केला, त्याचा चार मात्रांचा तुकडा कापला, संगणकांत गोल फिरविला, आणि ध्वनिमुद्रिकेवर स्वतःचें नांव घातलें, तर वादकाच्या पदरांत काय पडलें? परंपरागत ठेक्यास एकच कर्ता नसतो, म्हणून ठेक्यावर कोणाचा कायदेशीर हक्क दाखवितां येत नाहीं. परंतु अमुक माणसानें अमुक वेळीं केलेलें वादन ही निराळी गोष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन वादकांचे हक्क मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें व्यापारी उपयोगाच्या मोबदल्यांत वाटा व वादक म्हणून नांव सांगितलें जाण्याचा हक्क हेही त्यांत आले. ह्या कायद्याच्या व्याख्येंत गवयाबरोबर डोंबारी आणि गारुडीही बसतात; तेव्हां ढोलकऱ्यानें संकोचण्याचें कारण नाहीं. अडचण इतकीच कीं, ज्याचें नांव कोठें टिपलेलेंच नाहीं त्यानें हक्क कशाच्या आधारावर मागावा?

ह्या भागांत ज्यांचें घर किंवा शेत आहे आणि ज्यांचीं मुलें संगणकावर संगीत रचितात, अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत असावींत. त्यांनीं पुढील खेपेस गांवीं जातांना मुलांस बरोबर न्यावें. वादकांस आधीं विचारावें, बिदागी ठरवावी, आणि वाजविणाराचें नांव, पाडा व तारीख त्याच्याच तोंडून ध्वनिमुद्रणाच्या आरंभीं बोलवून घ्यावी. मुद्रणाची एक प्रत त्याच्या फोनवर तेथेंच द्यावी. मग ढोलाचीं दोन्ही तोंडें निरनिराळीं मुद्रित करावींत: प्रथम सुटे आघात, नंतर संथ ठेका, शेवटीं नाचाच्या गतीचा. हवा दमट असेल तर चामडें सैल पडतें आणि वादक तें शेकोटीपाशीं धरतात. तेव्हां एक मुद्रण शेकण्यापूर्वींचें घ्यावें व एक नंतरचें. हा फरक यंत्रांतल्या तयार ढोलांत सांपडत नाहीं.