पारा गेला, गॅलियम कुठून आणायचं?

इटलीत व्हेसूव्हियसच्या उतारावरच्या वेधशाळेत लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ साली भूकंप टिपणारं विजेचं यंत्र तयार केलं. त्यात ‘यू’ आकाराच्या, पाऱ्याने भरलेल्या काचेच्या नळ्या होत्या. जमीन हादरली की पारा उसळून तारेला भिडे. मंडल पूर्ण होताच घड्याळ थांबे आणि नोंदीची कागदी पट्टी सरकू लागे. १८७५ साली हे यंत्र टोकियोतही बसवलं गेलं.

द्रवधातूने त्वरण मोजायची रीत अजूनही मुळात तीच आहे. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसा बंद नळीतला थेंबही मागे रेंगाळतो. तो धातूचा असल्याने त्याच्या सरकण्याबरोबर विद्युतरोध किंवा धारिता बदलते आणि त्या बदलावरून त्वरण कळतं. मोबाइलमधला त्वरणमापक वेगळा. त्यात सिलिकॉनचाच अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो चिपसारखा घाऊक बनतो, स्वस्त पडतो, त्यामुळे बाजार त्याने जिंकला यात नवल नाही. पण जोरदार आदळआपटीत स्प्रिंग मोडू शकते, थेंबात मोडण्यासारखं काही नसतं. सांध्यावर किंवा त्वचेवर चिकटवायच्या लवचीक संवेदकांतही द्रवधातू सोयीचा, कारण पट्टी वाकली तर तोही वाकतो.

यासाठी पारा नको, हे आता ठरलेलं आहे. पाऱ्याच्या विषाने उद्ध्वस्त झालेल्या जपानमधल्या मिनामाता शहराच्या नावाचा करार २०१३ साली झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. काही अपवाद वगळता पाऱ्याचे स्विच आणि रिले बनवणं २०२० पर्यंत थांबवायचं होतं.

पाऱ्याची जागा घेऊ शकतं ते गॅलिन्स्टन, म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण. ते शून्याखाली सुमारे १९ अंशांपर्यंत पातळ राहतं आणि त्याची वाफ जवळपास होत नाही. मात्र हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थेंब काचेला चिकटतो आणि जागचा हलेनासा होतो. म्हणून नळीतून प्राणवायू हद्दपार करावा लागतो किंवा काचेला आतून लेप द्यावा लागतो. ॲल्युमिनियमच्या भागांपासूनही ते दूर ठेवावं लागतं, कारण गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतं.

हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटतील. मला चिंता आहे ती पुरवठ्याची. जगातलं बहुतेक गॅलियम चीनमध्ये तयार होतं आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीला तिथल्या सरकारचा परवाना लागतो. त्याच वर्षी आपल्या खाण मंत्रालयाने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. गॅलिन्स्टनचे तिन्ही घटक तीत आहेत. पण यादी काढल्याने धातू हाती येत नाही.

गॅलियमची वेगळी खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना ते कॉस्टिकच्या द्रावणात अत्यल्प प्रमाणात उतरतं आणि तिथूनच वेगळं करावं लागतं. आपल्याकडे ओडिशात दामनजोडीला आणि कर्नाटकात बेळगावला ॲल्युमिनाचे कारखाने आहेत आणि नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. संवेदकांच्या संशोधनाला अनुदान जरूर द्यावं. पण कारखान्यांनी दरवर्षी किती किलो गॅलियम वेगळं करायचं, याचं उद्दिष्टही सरकारने आखून द्यावं आणि सुरुवातीच्या तोट्यातला वाटा उचलावा. नाहीतर संवेदकाचं पेटंट आपलं असेल आणि त्यातल्या थेंबासाठी परवानगी बीजिंगची लागेल.