सरकारी खरेदीत आपला वाटा किती?

भुसावळला रेल्वेचा विभाग आहे, विद्युत इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे. तेथे व वरणगावला संरक्षण साहित्याचे कारखाने आहेत. केंद्र सरकारची एवढी मोठी गिऱ्हाइके जळगावच्या दारात असताना आमचा वेल्डर, शिंपी, सुतार आणि धुळ्याचा यंत्रमागधारक मात्र बहुधा दुसऱ्याच्या नावावर माल करून देतो. मेहनत त्याची, बिल दुसऱ्याचे!

वास्तविक नियम लहान कारखानदाराच्या बाजूचे आहेत. केंद्राच्या २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून २० टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठरले. २०१८ मध्ये ते २५ टक्के झाले. त्यांपैकी ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. निविदेचा अर्ज विनामूल्य मिळतो, अनामत रक्कम माफ असते. मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी ठरला आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांच्या आत अधिक असला, तर तिच्याच दराने काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळू शकते.

ही सवलत स्वतः माल बनवणाऱ्याला आहे. व्यापाऱ्यांना २०२१ पासून मिळणारी उद्यम नोंदणी केवळ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती आहे. म्हणून व्यापारी बांधवांनी कारागिराला स्वतःच्या नावाने उभे करावे, कागदपत्रांत मदत करावी. त्याचे काम वाढले तर सूत व लोखंड आपल्याच दुकानातून जाईल.

बिल अडकण्याची भीती खरी आहे. परंतु २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदारावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज बसते. त्यासाठी पुरवठ्यापूर्वीच नोंदणी झालेली असावी.

शासनालाही आमचे सांगणे आहे. २५ टक्के हे खात्याचे वार्षिक उद्दिष्ट आहे, प्रत्येक निविदेतला हक्क नव्हे. वर्षभराचे कापड एकाच निविदेत मागवले, तर दहा मागांचा मालक तेथे पोचणार कसा? मागणीचे लहान भाग करावेत. जिल्हा परिषदा व महापालिका केंद्राच्या आदेशाखाली येत नाहीत; जळगाव व धुळ्याच्या महापालिकांनी स्वतःहून हा मार्ग धरावा.

उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही. ती करून सरकारी ई-बाजारपेठेत, म्हणजे जेमवर, आपला माल नोंदवावा. सुरुवात छोट्या मागणीने करावी, पण बिल आपल्या नावाचे असावे.