इंजिनाची मापं कुलपात कशाला?

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते, शेंगाचटणी आठवते, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह उघडणारा दांडा, कुणाला आठवत नाही. वास्तविक १९९२ साली यतीन शहा यांनी इथे सुरू केलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल देशातल्या आणि परदेशातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांच्या इंजिनांत फिरतो आहे. त्या गावात मी राहते. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. तरीही घरच्या गाडीचे कॅमशाफ्ट बदलायला घेतले, तेव्हा ते जागेवर धरणाऱ्या टोप्यांचे बोल्ट किती आवळायचे हा साधा आकडा मिळवायला मला ओळखीपाळखीचे फोन लावावे लागले. हे चूक आहे आणि ते बदललं पाहिजे.

गाडी छोटी, जुनी घेतलेली. तीन सिलिंडर, बारा वॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट. गरम झाली की हेडमधून टकटक यायची आणि चढावर दम तुटायचा. वरचं कव्हर काढल्याबरोबर कारण दिसलं. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नव्हतं; सगळीकडे काळा चिकट गाळ, आणि इनटेकच्या शाफ्टवरच्या एका लोबचा, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या उंचवट्याचा, माथा आरशासारखा असायचा तो टोचल्यासारखा खडबडीत. एक्झॉस्टच्या शाफ्टवरही बोटाच्या नखाला लागतील अशा रेघा. मायक्रोमीटर लावून लोबची उंची घेतली आणि दोन्ही शाफ्ट बदलायचं ठरवलं.

बिडाचा कॅमशाफ्ट ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडी तुकडे बसवतात, त्यांना चिल म्हणतात. वितळलेलं बीड त्यांना टेकलं की तेवढ्याच भागात झटकन गार होतं आणि पांढरं, अतिशय कडक बनतं. मधला दांडा सावकाश गार होतो, म्हणून तो करडा आणि यंत्रावर कातायला सोपा राहतो. गाडी मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असली की कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, १,५०० फेऱ्या फिरतो; म्हणजे प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. हा सगळा मारा तो पांढरा थर झेलतो. त्याच्यात आणि वॉल्व्हवरच्या टॅपेटमध्ये ऑइलचा पडदा असेल तोवर तो वर्षानुवर्षं टिकतो. पडदा फाटला की थर खरडू लागतो, आणि मग वरून कितीही महागडं ऑइल ओता, उपयोग नाही.

माझा एक जुना विद्यार्थी होटगी रस्त्याला गॅरेज चालवतो. हात चांगला, नियत चांगली. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, अख्खं हेडच बदलून टाका. शाफ्ट बदलायला मापं लागतात, आणि आम्हाला मापं सांगतंय कोण?” मला वाईट वाटलं ते याचं. त्याला काम येत नाही असं नाही. काम येतं, पण आकडा नाही. मग तो गिऱ्हाइकाला मोठा खर्च सांगतो किंवा मनगटाच्या अंदाजाने पाना ओढतो.

कॅमशाफ्टच्या टोप्यांच्या बाबतीत मनगटाचा अंदाज चालत नाही. सहा मिलिमीटरचा बोल्ट, खाली ॲल्युमिनियमचं हेड. आमच्या इंजिनात मर्यादा ११ न्यूटन मीटर. दहाच्या गोटीला लांब दांडा लावून सवयीने आवळलं तर आटे गेलेच म्हणून समजा. शिवाय टोप्या हेडवर बसवूनच त्यांचं भोक एकत्र कातलेलं असतं. प्रत्येकीवर नंबर आणि बाण असतो. एक टोपी हरवली किंवा दुसरीच्या जागी लागली, तर बाजारात सुटी टोपी मिळत नाही. ते हेड भंगारात. उतरवतानाही सगळे बोल्ट थोडे थोडे, ठरलेल्या क्रमाने सैल करायचे. खाली दाबलेल्या स्प्रिंगा असतात. एकच बाजू मोकळी केली तर शाफ्ट वाकडा उचलला जातो आणि बिडाचा शाफ्ट वाकत नाही, तुटतो.

कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनचं कव्हर उतरवणं हे मात्र नुसतं कष्टाचं काम. इंजिनाखाली जॅक, माउंटिंग मोकळं, पुलीचा बोल्ट हटता हटत नाही, आणि जुनं सिलिकॉन खरवडताना बोटं सोलवटतात.

नवे शाफ्ट बसवताना माझी भाची सोबत होती, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चेनमधल्या रंगीत कड्या गिअरच्या खुणांसमोर आणून तिने चेन चढवली. मग मी तिला क्रँक पान्याने हातानेच पूर्ण दोन फेऱ्या फिरवायला लावला. कुठे अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही, कारण टायमिंग चुकलं तर वॉल्व्ह पिस्टनला भिडतो. दोन फेऱ्या झाल्या आणि ती दचकली, “मावशी, रंगीत कड्या कुठे गेल्या?” कड्या पुढे सरकतातच, दोन फेऱ्यांनी गिअरच्या खुणा जागेवर येतात, कड्या येत नाहीत. चार वर्षं पुस्तकात चेन ड्राइव्ह शिकलेल्या मुलीला हे पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर फिलर गेजने बाराही वॉल्व्हचा गॅप मोजला, दोन टॅपेट जाडी बघून बदलले, आणि इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल मारला. कोरड्या लोबवर इंजिन सुरू करणं म्हणजे नव्या शाफ्टचं आयुष्य पहिल्याच मिनिटात खाणं.

हे सगळं प्रत्येकाने घरी करावं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही, ज्याला टॉप डेड सेंटर शोधता येत नाही, त्याने हेडला हात लावू नये. पण ज्याला येतं, त्याला अडवायचं का?

गाडीच्या कप्प्यातल्या पुस्तिकेत टायरमधली हवा असते, ऑइलचा ग्रेड असतो. वर्कशॉप मॅन्युअल वेगळं. मापं, क्रम, खुणा त्यात असतात आणि मालकाला ते सहजी मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दलच. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही आलं. समितीने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. पोर्टलवर सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी एका जागी मिळणं चांगलंच. पण होटगी रस्त्यावरच्या माझ्या विद्यार्थ्याला पत्ता नको आहे, त्याला मॅन्युअल हवं आहे. युरोपात २००७च्या नियमापासून कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना वाजवी शुल्कात द्यावी लागते. तिथल्या मोटार कंपन्या त्यामुळे बुडालेल्या नाहीत.

चुकीच्या हातात माहिती गेली तर अपघात होतील, असं मला सांगितलं जातं. माहिती नसतानाही बोल्ट आवळले जातातच, रोज, गल्लोगल्ली. धोका त्या अंदाजात आहे. आणि घरी दुरुस्ती केली तर मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल हेही मला पटत नाही. हेड उघडणारे गाडीमालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. मापं खुली झाली तर खरा फायदा पत्र्याच्या शेडमधल्या मेकॅनिकचा आहे, जो आज “अख्खं हेड बदला” म्हणतो आणि गिऱ्हाईक गमावतो.

सरकारने सुरुवात आयटीआयपासून करावी. आमच्या शाळेत मुलं कापून ठेवलेल्या जुन्या इंजिनांवर शिकतात आणि बाहेर पडून वेगळ्याच इंजिनांना सामोरी जातात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल, मराठीत नसलं तरी चालेल, राज्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या ग्रंथालयात कंपनीने ठेवलंच पाहिजे असा नियम करा. कुणीही मालक, कुणीही गॅरेजवाला तिथे बसून मापं उतरवून घेईल. त्यासाठी नवी समिती लागत नाही.