ब्लूजचा मक्ता

मालाडच्या ऑर्लेम-खारोडीकडे एखाद्या घरातून गिटारीचा सूर आला की त्यावर नकलेचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांचा पूर्वपक्ष असा आहे, की ब्लूज हे मिसिसिपीच्या कापूसशेतांत राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या यातनांचे अपत्य असल्याने, ती यातना ज्याने भोगली नाही त्याचा त्या सुरांवर कसलाच हक्क पोहोचत नाही. यातील पहिले विधान सर्वस्वी खरे आहे, आणि त्याचा विसर पडणे ही कृतघ्नता होईल. निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही.

ज्या गिटारीवर त्या दुःखाला वाचा फुटली तीच मुळी स्पेनची. आणि जन्मदाखल्यावरून मालकी ठरवायची तर आपल्या पेटीचे काय? युरोपातून आलेल्या या वाद्यावर गोविंदराव टेंब्यांची बोटे फिरली आणि मराठी रंगभूमीने ते आपले मानले. 1940 साली सरकारी नभोवाणीने त्याच्या हद्दपारीचा हुकूम काढला, तो तीन दशके अमलात राहिला, तरी मैफलींतून पेटी हलली नाही. शिवाय पेटीला जी मींड साधत नाही ती गिटारीच्या ताणलेल्या तारेला साधते, आणि कोमल व शुद्ध गांधारांच्या दरम्यानच्या ज्या जागेवर ब्लूजचा जीव अडकलेला असतो, ती जागा आपल्या कानाला अनोळखी नाही. एवढ्यावरून ब्लूज म्हणजे आपलाच राग, असा उलट दावा करणाऱ्यांचीही गय करता कामा नये. पहिली ओळ पुन्हा म्हणून तिसरीत तिला उत्तर देणारी ती बारा खंडांची रचना मिसिसिपीच्या त्या कृष्णवर्णीयांचीच आहे.

हक्क मिळतो तो साधनेने, आणि त्याचा पुरावा अमान्सियो डिसिल्वा. 1936 साली मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेला हा वादक जाझचा खरा, परंतु जाझची पायाभरणीच ब्लूजवर झालेली आहे. 1967 च्या सुमारास तो लंडनला गेला आणि 1969 साली जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. एकेका वसाहतीतून आलेले हे दोघे साहेबाच्या राजधानीत कोणाची नक्कल करीत नव्हते. आपापल्या मुलखाचे संचित घेऊन ते समोरासमोर उभे होते. डिसिल्वाच्या ‘कोकण डान्स’ या ध्वनिमुद्रिकेचे तर नावच कोकणचे; ती ध्वनिमुद्रित झाली सत्तरीच्या दशकात आणि प्रसिद्ध झाली 2006 साली, म्हणजे 1996 मध्ये तो निवर्तल्यावर दहा वर्षांनी. नकलेचा आरोप करणाऱ्यांनी आधी ती ऐकावी. आणि मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या मुंबईकराला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावे.