गुडघ्याचा कोन आणि खिशातला फोन

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली. मार्च २०२०मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. तरीही शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा बहुधा ‘आता कसे वाटते?’ एवढ्यावरच थांबतो. गुडघा किती वाकतो, हे विचारून कळत नाही. ते मोजावे लागते.

साधन तर घरोघरी आहे. फोन स्थिर असताना त्यातील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. बसलेल्या रुग्णाच्या मांडीवर आणि मग नडगीवर फोन टेकवला, की दोन्ही कलांमधील फरक म्हणजे गुडघ्याचे वाकणे. (जायरोस्कोपमधील त्रुटी वेळेबरोबर साचत जाते, येथे तो प्रश्नच नाही.) खुर्चीतून सहज उठण्यासाठी सुमारे ९० अंश तरी लागतात. दर आठवड्याची नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तर सांधा आखडत असल्याचे वेळीच ध्यानात येईल.

मात्र पोटरीची सूज रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते, जखमेभोवतीची ऊब जंतुसंसर्गामुळे. कोन उत्तम असलेल्या रुग्णालाही हा धोका असतो. तेथे हात लावूनच पाहावे लागते. म्हणूनच, फोन आहे या सबबीवर परिचारिकेची गृहभेट वगळणारी कोणतीही योजना मला मान्य नाही.